बांधलं ते सोडून बघणारे भाऊ

भाऊ लग्नात जेवत नसत. पेण-रोह्याच्या पट्ट्यात त्यांनी इतक्या लग्नांचे फोटो काढले, की कुठल्या गावात मटण जास्त तिखट असतं आणि कुठल्या गावात भाताला उशीर होतो हे त्यांना दुसऱ्यांच्या तोंडून ऐकून पाठ झालं होतं. स्वतः मात्र कॅमेऱ्यातलं कार्ड बाहेर काढायचे, शर्टाच्या खिशात टाकायचे, खिशाचं बटण लावायचे आणि वरून हात दाबून मांडवाच्या कडेकडेनं फेऱ्या मारत राहायचे. एकदा हमरापूरकडच्या लग्नात बायकांना वाटलं, यांच्या छातीत कळ आली. त्यांनी भाऊंना धरून खाटेवर आडवं केलं. कोणी पदरानं वारा घालतंय, कोणी सोडा आणायला पळालंय, नवरदेवाचा मामा रिक्षा घेऊन दारात हजर.

"मला काय नाय झालं," भाऊ खाटेवरून ओरडले. खिशावरचा हात तेव्हाही तिथंच. "लग्नाला काय व्हायला नको म्हणून धरलंय!"

त्यांचा पेणमध्ये फोटो स्टुडिओ होता, अजून आहे. मी तिथं काही वर्षं नोकरी केली. मी जवळच्या गडब गावची. बापाची भातशेती, आई आमची शेती आटपून दुसऱ्यांच्या लावणीला जाणारी. आमच्या घरात पहिली पदवी माझी, बी.एस्सी. मी जाईन तिथं हे सांगते. कोणाला मिरवणं वाटलं तर वाटू दे. भाऊंना पहिल्याच दिवशी सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "बरं हाय. म्हणजे बसून वाचायची सवय असेल. माझ्याकडची पोरं बसतच नायत."

सांगताना स्वतः उभेच होते. भाऊंना बसलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं. एक पाय खुर्चीवर, एक जमिनीवर, आणि नजर चार ठिकाणी.

मुलाखत म्हणून त्यांनी मला एका लग्नाच्या फोटोंचं फोल्डर दिलं आणि म्हणाले, "ह्याचं गाठोडं बांध." म्हणजे सगळ्या फोटोंची मिळून एक फाइल कर. मी माउसनं दोन ठिकाणी दाबून झिप केली.

"झालं," मी म्हटलं.

"काय झालं?"

"झिप झाली."

"तुला कोण बोललं?"

"कंप्युटर बोलला. डन आलं ना."

"कंप्युटर काय पण बोलंल. त्याच्या घरातलं लग्न हाय काय? बांधलंस ना? आता सोड. सोडून बघ."

मी सोडून बघितली. फोटो होते. भाऊंनी एकेक फोटो उघडायला लावला. हार घातलेला घोडा आला, पुढचा आला, मग जेवणाच्या पंक्ती आल्या. शेवटचा फोटो उघडेपर्यंत माझ्या पोटात कावळे ओरडायला लागले होते. "उद्यापासून ये," ते म्हणाले आणि दाराला कुलूप लावून निघाले. मी रस्ता ओलांडेपर्यंत ते परत आलेले होते, कुलूप ओढून बघायला.

ही सवय त्यांना जन्मापासूनची नव्हती. त्यांच्या बायकोनं मला सांगितलं ते असं. खूप आधी, धंद्याच्या सुरुवातीला, खाडीकडच्या एका गावातलं लग्न भाऊंनी काढलं. फोटो असेच माउसनं बांधले, कंप्युटर 'झालं' म्हणाला, आणि भाऊंनी कार्ड पुसून दुसऱ्या लग्नाला नेलं. गाठोडं उघडायची वेळ आली तेव्हा ते अर्ध्यातच तुटलेलं निघालं. हळद होती, लग्न नव्हतं. भाऊ मार खायची तयारी करून त्या घरी गेले. घरच्यांनी त्यांना बसवलं, तांदळाची भाकरी आणि वाकट्यांचं कालवण वाढलं. मुलीचा बाप म्हणाला, "जाऊ दे रं. आमी व्हतो ना तिथं. आमी बघितलाय."

"शिव्या दिल्या असत्या तर झोपलो असतो," भाऊ म्हणायचे. एवढंच म्हणायचे, पुढं काही नाही.

त्यानंतर त्यांनी माउसवरचा विश्वास काढून घेतला. कुणा ओळखीच्या माणसाकडून काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून काम करायला शिकले. दोन बोटांनी टाइप करायचे, प्रत्येक अक्षर तोंडानं म्हणत. एका हुकमानं गाठोडं बांधायचं, दुसऱ्यानं आत काय काय आहे त्याची यादी बघायची, तिसऱ्यानं ते कुठं फाटलंय का ते तपासायचं, मग रिकाम्या जागी सोडून मूळ फोटोंशी ताडून बघायचं. त्यानंतरच कार्ड पुसायचं. आता त्या काळ्या पडद्याची रीत अशी आहे, की सगळं ठीक असेल तर तो काहीच बोलत नाही. हुकूम दिला, काम झालं, आणि खालच्या ओळीवर नुसता कर्सर लुकलुकतोय. चूक असेल तरच बोलणार. दुसऱ्या कुणाला हे बरं वाटलं असतं. भाऊंना ती शांतता सोसत नसे.

"गप का हाय हा?"

"भाऊ, गप म्हणजे ठीक."

"आमच्या घरात गप म्हणजे ठीक नसतंय," म्हणून ते पुन्हा तोच हुकूम द्यायचे, या वेळी शेपटीला एक अक्षर जोडून, म्हणजे कंप्युटरला तोंड उघडावंच लागायचं. मग पडद्यावरून फोटोंची नावं भराभर पळायची आणि त्यांच्यासोबत भाऊंची मान वरखाली व्हायची.

मी शास्त्र शिकलेली. फोटो झिपमध्ये असे दाबून फारसे लहान होत नाहीत हे मला ठाऊक होतं. ते आधीच दाबलेले असतात. मी पहिल्याच आठवड्यात भाऊंना तसं सांगितलं. ते म्हणाले, "लहान कुणाला करायचेत? एकत्र राहायला पाहिजेत."

सगळ्यात मोठं प्रकरण अंगठ्याचं. फाइल केवढीही असो, कंप्युटर तिचा एक लांबलचक आकडा काढून देतो, अंक आणि अक्षरं मिसळलेला. फाइलमधला एक ठिपका जरी इकडचा तिकडे झाला तरी तो आकडा पार बदलतो. याला भाऊ अंगठा म्हणायचे. मला तो शब्द आवडत नसे. माझ्या आजीपर्यंत आमच्याकडं सगळ्यांनी अंगठेच उठवले, आई सही शिकली ती माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकासाठी. "दुसरं काहीतरी म्हणा ना," मी म्हणायची. "का? सही खोटी करता येते," ते म्हणायचे, "अंगठा करून दाखव."

प्रत्येक लग्नाच्या दोन प्रती असत. एक पेणला, एक रोह्याला त्यांच्या बहिणीकडं. पेणला भोगावती, रोह्याला कुंडलिका, दोन्ही नद्या एकाच दिवशी घरात शिरणार नाहीत, असा त्यांचा हिशोब. मग मध्येच चालता चालता थबकायचे. "पण पाऊस तर एकच असतो गो," म्हणायचे, आणि तो सगळा दिवस वाया जायचा. हार्ड डिस्क बायकोच्या जुन्या साडीत गुंडाळून, ती पिशवी मांडीवर घेऊन गाडीनं रोह्याला न्यायचे. मग इकडून मला आणि तिकडून बहिणीला अंगठा मोठ्यानं वाचायला लावायचे. दोघींच्या मध्ये, बहिणीच्या शेजारी फोन धरून उभे भाऊ.

"सात, नऊ, बी म्हणजे बोंबील," मी पेणहून.

"बोंबील, व्हय," आक्का रोह्याहून. मागं फोडणी तडतडत असायची.

"डी म्हणजे डोलवी, चार, एफ म्हणजे फणस."

"भाऊ, माझी भाजी लागली खाली. बाकीचं तेच असंल!"

"असंल नको, आक्का! वाच!"

या सगळ्याचा मला वैताग यायचा. मी तीन संध्याकाळी बसून एक छोटी फाइल लिहिली. एकच शब्द टाइप करायचा, की बांधणं, तपासणं, सोडणं, ताडणं, आकडा काढणं आणि तो आकडा रोह्याच्या आकड्याशी जुळवणं, सगळं आपोआप. माझ्या शिक्षणाचं ते पहिलं फळ, मला आजही त्याचा अभिमान आहे. भाऊंनी ते चालताना डोळे बारीक करून पाहिलं. "झकास," म्हणाले. "एकदम बरोबर हाय तुझं. आता माझं करतो." आणि दोन बोटांनी सुरू झाले.

हा माणूस त्रासदायक होता, हेही लिहायला पाहिजे. त्याच्याबरोबर काम करून माणसाच्या अंगात किडे शिरतात. आज मी दुसऱ्या नोकरीत आहे, बसायला चांगली खुर्ची आहे, आणि तरी पाठवलेली मेल परत उघडून बघते. नवरा म्हणतो, गॅस बंद केलास हे तुला कागदावर लिहून देऊ काय. जेवताना मध्येच उठते. याचं श्रेय भाऊंचंच.

आता त्या हळदीबद्दल सांगते. भाऊ म्हटलं की मला तीच आठवते.

आमच्या भागात लग्नापेक्षा हळद मोठी. मुलगी खाडीकाठच्या गावातली, कॉलेजात माझ्या मागं होती, रोह्याला एका कंपनीच्या लॅबमध्ये कामाला लागलेली. तिचा बाप ती लहान असतानाच गेला. आईनं भाजी विकून तिला शिकवलं. मोठे चुलते होते, सगळा गाव त्यांना तात्या म्हणायचा. तिचा बाप गेल्यावर त्याचं शेत याच तात्यांनी नांगरलं, हे लिहायला पाहिजे, नाहीतर तो माणूस नुसताच वाईट वाटेल.

बायकांमधले फोटो काढायला मी होते. पाटावर मुलगी बसली, बेंजो जोरात, सवाष्णी हळद लावायला पुढं सरसावल्या. आई रितीप्रमाणं लांब, दाराच्या चौकटीला टेकून उभी. मुलगी पाटावरून उठली, आईला हाताला धरून घेऊन आली आणि म्हणाली, "पयली आये लावंल. मग बाकीच्यांनी."

बेंजोवाला एक क्षण अडखळला. मागून कुणीतरी म्हणालं, "अगो, असा नाय करत." आई हात मागं ओढत होती आणि मुलगी मनगट सोडत नव्हती. मी बटण दाबत राहिले, दुसरं काही सुचलं नाही. मग आईनं हळद लावली. बेंजो पुन्हा सुरू झाला, सगळ्यांनी घाईघाईनं नाचायला सुरुवात केली, जसं काही घडलंच नाही.

लग्नानंतर तात्या स्टुडिओत आले. शांतपणे बसले, चहा घेतला. भाऊ उभे.

"ते नवरीच्या आईचे फोटो," तात्या म्हणाले, "अल्बममध्ये नको."

"नाय घालत," भाऊ म्हणाले. "अल्बम तुमचा हाय."

"आणि कंप्युटरमधनं पण काढून टाक."

भाऊंचे पाय थांबले. "ते नाय निघत."

"एक फोटो काढायला काय लागतं? बटण हाय ना?"

"अंगठा बदलतो, तात्या."

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. "काय बोलतोय हा? तू गडबची ना गो? तू तरी समजाव. माझी पोर लग्नाची हाय. उद्या बघायला येतील, हे फोटो कुणाच्या तरी मोबाइलवर दिसतील. बोलतील, यांच्यात अशी रीत. मग मी कुणाकुणाला तोंड देऊ?"

खोटं बोलत नव्हते ते. त्यांच्या कपाळावर घाम होता.

भाऊंनी त्यांना कंप्युटरपाशी बोलावलं. त्या लग्नाच्या गाठोड्याचा आकडा पडद्यावर काढला. मग वेगळ्या जागी त्याची नक्कल केली, सोडली, आणि त्यातला एकच फोटो काढला, मांडवाबाहेरच्या चपलांच्या ढिगाचा. पुन्हा बांधली. पुन्हा आकडा काढला. दोन आकडे एकाखाली एक.

"बघा. जुळतंय कुठं?"

तात्यांनी चष्मा वर केला. जवळजवळ एकही अक्षर जागेवर नव्हतं.

"चपला काढल्या फक्त," भाऊ म्हणाले, "तर सगळं लग्न दुसरं झालं."

तात्या परत खुर्चीत जाऊन बसले. मला ठाऊक होतं, की भाऊ अर्धंच सांगतायत. नवं गाठोडं बांधून नवा आकडा लिहून ठेवला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. त्यासाठी बी.एस्सी. लागत नाही. पण मी बोलले नाही. भाऊ खरंच त्या आकड्यासाठी अडून बसलेत की आणखी कशासाठी, हे मला तेव्हा कळेना.

"मग आमच्या गावातली लग्नं इसर," तात्या उठत म्हणाले.

खरंच, त्या गावातलं एकही बोलावणं नंतर आलं नाही. त्या हंगामात भाऊ आधीपेक्षा जास्त अस्वस्थ झाले. गिऱ्हाईक गेलं म्हणून नव्हे. ते एकच गाठोडं पुन्हा पुन्हा तपासायचे. मध्येच पिशवी उचलून रोह्याला जायचे आणि तिथलंही तपासून यायचे. आक्का म्हणाली, "ह्या लग्नातली नवरी आपली कोण लागते काय रं?"

मग एका दुपारी मुलगी आली, आणि सोबत आई. आई दारातच चपला काढून उभी राहिली. मुलगी तिला आत ओढत होती, हळदीत ओढलं तसंच.

"वहिनी, बसा," भाऊ म्हणाले.

"बसत नाय. भाऊ, ते फोटो काढून टाका."

"आये, गप गो!"

"तू गप. तू गेलीस नवऱ्याच्या घरी. मना तिथंच ऱ्हायचाय. दीर बोलत नाय, ते दिवसापासून दारात येत नाय. जाऊ विहिरीवर भेटते, खाली बघून जाते. फोटोपायी मी घर तोडू काय?"

मुलगी रडायच्या बेतात आली. "पण निघत नायत ना ते? भाऊ, तुम्हीच तात्यांना सांगितलंत, निघत नायत."

भाऊंनी माझ्याकडं पाहिलं, मग कंप्युटरकडं.

"निघतात," ते म्हणाले.

मुलीनं आईचा हात सोडला.

"आकडा बदलतो हे खरं. पण दुसरा आकडा लिहून ठेवायला काय जातं?"

"मग तात्यांना का नाय काढून दिलेत?"

"फोटोत त्यांचा हात नव्हता," भाऊ म्हणाले. "वहिनींचा हाय. वहिनी, तुम्ही बोलाल तर आता काढतो. इकडचा पण आणि रोह्याचा पण. फक्त मी काय न बघता पुसत नाय. आधी तुम्ही बघायचं."

आई खुर्चीच्या टोकावर बसली. भाऊंनी गाठोडं सोडलं आणि फोटो एकेक करून पडदाभर लावत गेले. पहिल्यात आईचा हात मागं चाललेला. दुसऱ्यात मुलीनं धरलेलं मनगट. तिसऱ्यात हात हळदीच्या ताटात. चौथ्यात तिचा तळवा मुलीच्या गालावर होता, मुलीचे डोळे मिटलेले.

"डोळे मिटलेत हिना," आई म्हणाली.

"पुढच्यात उघडलेत," मी म्हटलं. फोटो मी काढले होते, मला पाठ होते.

"मागं चल जरा," ती म्हणाली. भाऊंनी तिसरा फोटो परत लावला. ती पडद्याच्या अगदी जवळ गेली. "ताट कुणी धरलाय?"

आम्ही कुणी ते बघितलंच नव्हतं. ताट हवेत नसतं, कुणीतरी धरलेलं असणारच, पण आमचं लक्ष त्या दोघींवर. भाऊंनी फोटो मोठा केला. ताटाखाली दोन हात, हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत. फोटो वर सरकवला. पदर, मग हनुवटी, मग अर्धा चेहरा. डोळे पाण्यानं भरलेले, आणि ताट आईच्या हाताखाली पुढं केलेलं, तिला वाकावं लागू नये इतकं वर.

"काकी!" मुलगी म्हणाली.

तात्यांची बायको. विहिरीवर खाली बघून जाणारी ती जाऊ.

आईनं पडद्यावर बोट ठेवलं, त्या बांगड्यांवर, आणि तिथंच ठेवलं. भाऊ या पायावरून त्या पायावर होत होते. माउसवर त्यांचा हात होता, पण ते पुढं सरकवत नव्हते.

"ती बोलली नाय कधी मना," आई म्हणाली. मग पदरानं तोंड पुसलं आणि भाऊंकडं वळली. "हा फोटो कागदावर केवढा निघतो?"

भाऊंनी दोन्ही हात पुढं करून माप दाखवलं, साधारण देवाच्या तसबिरीएवढं.

"एवढा?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. "दारातनं आत आलेल्याला दिसला पायजे," ती म्हणाली, आणि उठून भाऊंचे हात मनगटाला धरून आणखी लांब केले.